पगार कमी, गाव नवं, बाबा घरी: क्रम कसा लावायचा?

वाचकाचं पत्र

माझं वय 36. सात वर्षांपूर्वी मुलगा झाला तेव्हा नोकरी सोडली. आता तो 7 वर्षांचा आहे आणि मुलगी अडीच वर्षांची. नवऱ्याचा पगार चांगला आहे, पण सकाळी आठला गेलेला माणूस रात्री नऊला येतो आणि आता पार थकला आहे. मला माझ्या जुन्या क्षेत्रात नोकरी चालून आली आहे, पण दुसऱ्या, लहान शहरात. चार महिन्यांनी रुजू व्हायचं, पहिले सहा महिने प्रोबेशन. हातात येणारा पगार नवऱ्याच्या पगाराच्या 62 टक्के. त्याने नोकरी सोडायची आणि घर-मुलं बघायची, असं ठरत आलं आहे. आम्ही भाड्याने राहतो. तिकडे भाडं निम्मं आहे. गाडीचे 14 हप्ते बाकी. तीन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक. खर्चाची यादी सोबत जोडली आहे. हे पैशात बसेल का? आणि खरं सांगायचं तर, त्याला हे सगळं जमेल का, या विचाराने मला झोप लागत नाही.

उत्तर

तुमच्या पत्रात तीन बदल एकात एक गुंतले आहेत: उत्पन्न घटणं, कामांची अदलाबदल आणि गाव बदलणं. तिन्ही झेपण्यासारखे आहेत, पण एकाच आठवड्यात नाहीत. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 साली आयुष्यातल्या उलथापालथींना गुण देणारी यादी तयार केली. तीत आर्थिक स्थितीत बदल 38, वेगळ्याच कामाला लागणं 36, जोडीदाराने नोकरी धरणं किंवा सोडणं 26, राहणीमानात बदल 25, घर बदलणं 20, कामाच्या वेळा बदलणं 20. बेरीज 165. त्या यादीत 150 च्या पुढे गेलं की ताणाने आजारपणाची शक्यता वाढते असं मानतात. यादी जुनी आहे, तिला पत्रिकेसारखं मानायचं कारण नाही. पण तुमच्या हातात चार महिने आहेत आणि यातले दोन बदल आत्ता, आहे त्याच घरात राहून करता येतात. म्हणून आमचं म्हणणं असं: आधी पैसा, मग कामांची अदलाबदल, आणि ट्रक सगळ्यात शेवटी.

पैशापासून सुरू करू. नवऱ्याचा आजचा पगार 100 धरला तर तुमच्या यादीप्रमाणे महिन्याचा खर्च 86 आहे: भाडं 26, गाडीचा हप्ता 7, स्वयंपाकघर 16, शाळा 7, धाकटीचा प्लेग्रुप 4, जाणं-येणं 8, वीज-फोन 5, घरकामाची मदत 4, औषधपाणी 2, इतर 7. नव्या गावचा अंदाज आम्ही असा मांडला: भाडं 13, हप्ता 7, स्वयंपाकघर 16, शाळा 6, प्लेग्रुप 3, जाणं-येणं 5, वीज-फोन 5, आरोग्य विम्याच्या हप्त्यासह औषधपाणी 6, इतर 6. एकूण 67. पगार 62. म्हणजे दर महिन्याला 5 ची तूट, आणि गाडीचे हप्ते संपल्यावर 2 ची शिल्लक.

या 2 वर विसंबू नका, कारण यादीत एक मोठा गट नाही: वर्षातून एकदाच येणारे खर्च. विम्याचे वार्षिक हप्ते, शाळेचं प्रवेशशुल्क, गाडीची दुरुस्ती, कपडे, नातेवाइकांकडे जाण्याचा प्रवास. गावापासून दूर गेलात की हा शेवटचा खर्च वाढतोच. मागच्या वर्षाचं बँकेचं विवरण काढा, असे खर्च एकत्र करा आणि बाराने भागा. बहुतेक घरांत महिन्याला 4 तरी निघतील. ते भरून काढायला दोन जागा दिसतात. भाडं 13 ऐवजी 11, म्हणजे आजच्याएवढं मोठं घर न घेता एक खोली कमी. आणि स्वयंपाकघर 16 वरून 14, कारण घरी माणूस असल्यावर बाहेरून तयार मागवणं कमी होतं. मात्र पहिले तीन महिने हा खर्च घटत नाही, उलट थोडा वाढतो. नवीन हाताला अंदाज नसतो, जास्त आणलं जातं, वाया जातं. हे गृहीत धरा, त्यावरून भांडू नका.

प्लेग्रुपचे 3 मात्र कापू नका. "बाबा घरी असताना कशाला हवा?" हा प्रश्न तुमच्या घरात नक्की येईल. आठवड्यातून तीन दिवस, तीन-तीन तास एवढा प्लेग्रुप म्हणजे नव्या गावात मुलीला सवंगडी आणि बाबाला बँक, दुकान, डॉक्टर, स्वतःचं काम यासाठी मिळणारे नऊ तास. ते काढून घेतलेत की पुढची सगळी ओढाताण तिथूनच सुरू होते.

आता याची तालीम. या महिन्यापासूनच नव्या पगारावर जगून बघा, पण हिशेब प्रामाणिक ठेवा. 100 मधले 38 सरळ बाजूला टाकलेत तर दुसऱ्याच आठवड्यात प्रयोग मोडेल, कारण आजचं भाडं तिकडच्यापेक्षा 13 ने जास्त आहे आणि जाण्या-येण्याचा खर्च 3 ने. उलट विम्याचे 4 आज तुम्हाला भरावे लागत नाहीत. म्हणून 38 मधून 13 आणि 3 वजा, त्यात 4 मिळवा: 26. पगार झाला त्याच दिवशी 26 वेगळ्या खात्यात जाऊ द्या. महिनाअखेरीस उरतील ते टाकू म्हटलं तर काही उरत नाही. उरलेल्या 74 मध्ये महिना काढायचा. आजच्या 86 मधले 12 कुठून कमी होतात आणि कुठे जीव जातो, हे यातून कळेल. दोन महिन्यांनंतरही 26 च्या जागी 15 सुद्धा बाजूला पडत नसतील, तर तो बेत तसाच पुढे रेटू नका. त्या वेळी भाडं किंवा गाडी यांपैकी एक मोठी गोष्ट बदलावी लागेल. किराणा मालातली काटकसर तेवढी भगदाडं बुजवत नाही.

तालीम नीट झाली तर चार महिन्यांत 104 जमतील. आजची शिल्लक साधारण 260. एकूण 364. यातून स्थलांतर जाणार, आणि ट्रकचं भाडं हा त्याचा लहान तुकडा असतो. नव्या घराची दोन महिन्यांची अनामत 26, दोन्ही घरांचं भाडं एकदम भरावं लागण्याचा एक महिना 13, सामान हलवणं आणि पडदे-दिवे-जोडण्या असा किरकोळ खर्च 20. आणि सगळ्यात दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे तुमचा पहिला पगार महिना भरल्यावर येणार, तोपर्यंतचा खर्च, गाडीचा हप्ता सोडून, 60. झाले 119. नवऱ्याचा शेवटचा पगार बहुतेक ठिकाणी पूर्ण हिशेब होईपर्यंत अडकून राहतो, तेव्हा तो या महिन्यात येईल असं धरू नका.

गाडीचं कर्ज या पैशातून एकदम फेडून टाकावं असं मनात येईल. तसं करू नका. तिथे पोचाल तेव्हा दहाच हप्ते उरलेले असतील, आणि शेवटच्या हप्त्यांत व्याज थोडं, मुद्दलच जास्त असतं. फेडून वाचणार थोडंसं, आणि प्रोबेशनच्या काळात हातातली रोकड जाणार. त्यापेक्षा पहिल्या महिन्याच्या हप्त्याचे 7 आणि पुढच्या नऊ महिन्यांच्या तुटीचे 45, असे साधारण 55 आधीच वेगळे काढून ठेवा आणि दर महिन्याला त्यातून 5 घ्या. 364 मधून 119 आणि 55 गेले, उरले 190. जुन्या घराची अनामत 52 परत मिळेल, पण घर सोडल्यावर महिना-दोन महिने जातात. घर रिकामं करायच्या दिवशी भिंती, नळ, मीटरचं वाचन यांचे फोटो काढून ठेवा. ही अनामत धरून 242, म्हणजे हप्ता सोडून नव्या खर्चाचे चार महिने. एका पगाराच्या घराला सहा महिन्यांची गंगाजळी असावी असा साधारण दंडक आहे. तुम्ही दोन महिन्यांनी कमी पडता.

म्हणूनच नवऱ्याने थेट राजीनामा न देता आधी सहा महिने बिनपगारी रजा मागावी. तुमचं प्रोबेशन तेवढंच आहे. नकार आला तर नोटीस पिरियड पाळून, काम व्यवस्थित सोपवून, अनुभवाचं पत्र हातात घेऊन बाहेर पडावं. थकलेला माणूस शेवटच्या महिन्यात बोलून जातो, आणि तेच पुढे संदर्भ मागायची वेळ आली की आडवं येतं. तुम्ही सह्या केलेलं नोकरीचं पत्र हातात येण्याआधी त्याने नोटीस द्यायची नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण तोंडी होकारावर नोटीस देणारे पुष्कळ असतात.

विम्याचं काम पहिल्याच महिन्यात करा. कुटुंबाचा आरोग्य विमा आज त्याच्या नोकरीतून असेल तर बहुतेक ठिकाणी तो शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, आणि तुमच्या नोकरीतला पहिल्या दिवसापासून लागू होईलच असं नाही. स्वतःच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना थांबण्याची मुदत असते. जुनं संरक्षण चालू असतानाच नवी घेतली तर ती मुदत लवकर सुरू होते आणि मध्ये खिंडार पडत नाही. दुसरं, मुदत विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना रक्कम देणारा. आजवर तो त्याच्या नावावर असेल. रुजू झाल्यावर तुमच्या वार्षिक पगाराच्या किमान दहापट रकमेचा तुमच्या नावावर घ्या. त्याचा आहे तो बंद करू नका. तो कमवत नसला तरी, त्याच्या माघारी दोन लहान मुलांना सांभाळायला जो पैसा लागेल तो काही कमी नसतो.

आता झोप उडवणारा प्रश्न. त्याला जमेल का? काम जमेल. अडीच वर्षांच्या मुलीला खाऊ घालणं, झोपवणं, मोठ्याला शाळेला पाठवणं हे दोन आठवड्यांत हाताला बसतं. अडतं ते दुसरीकडे: काम त्याच्याकडे जातं, पण लक्षात ठेवणं तुमच्याकडेच राहतं. लसीकरणाचं घ्या. "आज चार वाजता हिला लसीला ने" असं तुम्ही सांगितलंत आणि त्याने नेलं, तर काम त्याने केलं, पण जबाबदारी तुमचीच राहिली. तारीख कधी आहे ते माहीत असणं, वेळ घेणं, कार्ड सोबत नेणं, ताप आला तर औषध घरात आहे का बघणं, पुढची तारीख लिहून ठेवणं, इथपर्यंत सगळं त्याच्याकडे गेलं तर ते काम सोपवलं. तुम्ही ऑफिसात बसून फोनवरून घर चालवू लागलात तर सहा महिन्यांत दोघंही चिडाल: तुम्हाला दोन नोकऱ्या केल्यासारखं वाटेल आणि त्याला हाताखालचा माणूस झाल्यासारखं.

त्यासाठी एका संध्याकाळी दोघांनी बसून तुमच्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरवा. शाळेच्या सूचना कुठे येतात, कपड्यांचं पुढचं माप, कोणाला कशाची ॲलर्जी, कोणत्या मित्राचा वाढदिवस कधी. यादी चाळीस-पन्नास ओळींची होते आणि बऱ्याच नवऱ्यांना ती बघूनच घाम फुटतो, फुटू दे. मग एकेक ओळ पूर्णपणे कोणाची ते ठरवा. अर्धीअर्धी वाटलेली ओळ कोणाचीच नसते.

तिसऱ्या महिन्यात त्याने शिल्लक रजा घेऊन सलग दोन आठवडे घर ताब्यात घ्यावं. या काळात तुम्ही सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घराबाहेर. दुसऱ्या खोलीत बसणं चालत नाही. मुलगी दार ठोठावणार आणि पाच मिनिटांत तुम्ही उठणार. वाचनालयात बसा, जुन्या क्षेत्रातलं बदललेलं काम शिका. निघताना मुलीला सांगून, थोडक्यात निरोप घेऊन निघा. तिची नजर चुकवून सटकलात तर ती त्या क्षणी रडत नाही, पण पुढे दिवसभर तुमच्या पदराला चिकटून राहते. पहिले चार-पाच दिवस रडारड जास्त असते, मग कमी होते. या दोन आठवड्यांत किमान एकदा कुणीतरी आजारी पडावं असं आम्ही म्हणणार नाही, पण पडलंच तर तुम्ही परत येऊ नका. तालमीचा खरा दिवस तोच.

संध्याकाळी परत आल्यावर त्याने केलेलं पुन्हा करू नका. घडी वेगळी असेल, वेणी वाकडी असेल, जेवणाची वेळ अर्धा तास पुढे गेली असेल. चालतं. जिथे तडजोड नाही अशा गोष्टी मोजक्याच आहेत आणि त्या लिहून द्या: औषधाचं वजनाप्रमाणे प्रमाण, गाडीत मुलांसाठीचं आसन, पाण्याजवळ आणि गॅसजवळ एकटं न सोडणं, मुलांना कोण नेऊ शकतं. बाकी सगळं त्याच्या पद्धतीने. दुरुस्त करत राहणारी बायको आणि "मग तूच कर" म्हणणारा नवरा ही जोडी फार लवकर तयार होते, आणि त्यात दोघांचाही हात असतो.

कामं समान वाटली का हे मोजत बसण्यात अर्थ नाही, कारण नोकरीचे तास आणि घराचे तास एका तराजूत बसत नाहीत. मोकळे तास मोजा. आठवड्यात तुम्हाला सहा तास स्वतःचे मिळत असतील तर त्यालाही सहा हवेत. तुम्ही घरी आलात की पहिली वीस मिनिटं तुमची, हातपाय धुऊन बसायची. त्यानंतर तासभर मुलं तुमच्याकडे आणि तो मोकळा. रात्री मुलगी उठली तर कामाच्या दिवसांत त्याने उठावं, सुटीच्या दिवशी तुम्ही.

पगार एकाच्या खात्यात जमा होणार, तेव्हा खर्चाचं खातं दोघांच्या नावावर करा. शिवाय दोघांनाही दर महिन्याला सारखीच रक्कम, समजा 1-1, ज्याचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा नाही. तुम्ही सात वर्षं घरी होतात, तेव्हा पैसे मागताना कसं वाटायचं ते तुम्हाला माहीत आहे. गाडीचे हप्ते संपले की त्या 7 मधून त्याच्या निवृत्तीसाठी थोडी का होईना रक्कम सुरू करा. नोकरीबरोबर त्याची ती बचत थांबलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

ट्रकचा दिवस रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी ठेवा. घराचा करार करण्यापूर्वी मोठ्याचा शाळाप्रवेश पक्का करा. उलट केलंत तर शाळा मिळते ती घरापासून लांब, आणि वाचवलेलं भाडं प्रवासात जातं. त्या लहान शहरात गाडीवाचून चालतं का, हे तिथे जाऊन एखादा कामाचा दिवस काढल्याशिवाय समजत नाही. शाळा, दवाखाना, बाजार हे पायी किंवा सार्वजनिक वाहनाने होत असेल तर गाडी विकून कर्ज मिटवणं हा सरळ उपाय ठरतो आणि वर मांडलेली 5 ची तूट जाते. भाडंकरार शक्य तर अकरा-बारा महिन्यांचा, मध्ये सोडण्याची मुभा असलेला. घर विकत घेण्याचा विचार प्रोबेशन संपेपर्यंत काढूच नका, स्वस्त वाटलं तरी.

मुलांची खोली सगळ्यात शेवटी बांधा आणि तिकडे सगळ्यात आधी लावा. मुलीचा डायपर सोडवायचा असेल तर ते स्थलांतराच्या आधी महिना किंवा नंतर दीड-दोन महिन्यांनी. मधल्या काळात नको. सुटलेला असेल आणि पुन्हा ओलं व्हायला लागलं तर रागावू नका, काही आठवड्यांत बसतं. मोठा उलट फार शहाण्यासारखा वागेल. त्याच्याकडे कुणी बघणार नाही, म्हणून त्याच्याकडे बघा.

नव्या गावात सगळ्यात एकटा पडणारा माणूस नवरा आहे. तुम्हाला ऑफिस, मुलाला शाळा, मुलीला प्लेग्रुप. त्याला शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांच्या घोळक्यात सुरुवातीला कुणी बोलावत नाही. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा त्याच्या असाव्यात: खेळ, वर्ग, जुन्या क्षेत्रातलं थोडं सुटं काम, काहीही, पण वार आणि वेळ ठरलेली. आणि "सध्या काय करता?" या प्रश्नाला दोघांनी एकच उत्तर ठरवून ठेवा. "ही नोकरी करते, मी घर आणि मुलं बघतो." तुम्ही नातेवाइकांना "तो सध्या काहीतरी शोधतोय" असं सांगितलंत, तर बाकी कुणी टोमणा मारायची गरज उरत नाही.

सहाव्या आणि बाराव्या महिन्याला दोन तारखा आत्ताच ठरवा आणि तेव्हा काय बघायचं ते लिहून ठेवा. गंगाजळी 120 च्या, म्हणजे दोन महिन्यांच्या खर्चाच्या खाली आली तर त्याने अर्धवेळ काम धरायचं. तुमचं प्रोबेशन लांबलं तर त्याने रजा वाढवून मागायची किंवा कामावर परत जायचं. दोघांपैकी एकाला हे नकोसं झालं तर तेही त्याच दिवशी बोलायचं, रोज रात्री नाही.

या आठवड्यात करायचं काम मात्र यातलं कुठलंच नाही. होकार कळवण्याआधी नव्या मालकांना पाच गोष्टी लेखी विचारा: हातात नेमकं किती येईल, पहिला पगार कोणत्या तारखेला, कुटुंबाचा आरोग्य विमा कोणत्या दिवसापासून, प्रोबेशनमध्ये काढलं तर नोटीस किती दिवसांची, आणि स्थलांतराचा खर्च देतात का. शेवटचा प्रश्न विचारायला बरेच जण लाजतात. विचारा. सामान हलवण्याचे 20 त्यांनी दिले तर तेवढी भर थेट गंगाजळीत पडेल.